दादाच्या नावाचं रक्त

माझ्या दंडावर देवीच्या लशीचे चार वण आहेत. त्यातले दोन दादाच्या नावाचे. घोटावड्याच्या शाळेत लस टोचणारे आले की तालमीत भल्याभल्यांना पाडणारा माझा थोरला भाऊ पांढरा पडायचा. "बारक्या, मला सुईचं भ्या वाटतंय. जा ना माज्या नावानं!" मी परत रांगेत उभा राहायचो. बदल्यात त्याच्या खांद्यावर बसून ओढ्याकाठची जांभळं तोडायची. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा.

सत्तरी ओलांडली तरी आमची रीत तीच. कोरोनातून दोघंही उठलो आणि गावात अँटिबॉडी तपासायचं शिबिर लागलं. तोंडाला मास्क, कोण कुणाला ओळखतंय? सकाळी मी माझ्या नावानं रक्त दिलं, दुपारी दादाच्या.

त्याचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "हे वय, त्यात सांध्यांसाठी घेता त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. अशांच्या अँटिबॉडी कमी बनतात. तुमच्या तर भरपूर आहेत! तरी लस घ्याच." दादानं मला कोपरानं ढोसलं. मी हसू दाबलं.

वहिनी लशीसाठी त्याच्या मागेच लागल्या होत्या. दादानं रिपोर्ट पुढं केला. त्यांनी मलाच विचारलं, "भावजी, तुमी सांगा. न्हाई घेतली तर चालंल?"

"रिपोर्ट चांगला हाय की, वहिनी."

दुसऱ्या लाटेत दादा गेला. त्याच्या स्वतःच्या रक्तात किती अँटिबॉडी होत्या, ते कधीच कळलं नाही. लशीनं वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण ती संधी माझ्या हसण्यात गेली.

वहिनी सगळ्यांना सांगत, "रिपोर्ट खोटं असत्यात." मी मान हलवायचो. यंदा त्यांच्या पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली, तर त्या हटून बसल्या. "तपासून काय उपेग?"

तेव्हा ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली गवारीची शेंग मोडून सुपात टाकली. मग म्हणाल्या, "ते तर सुईला भ्यायचंच. तुमी मातर माज्या तोंडाकडं बघून बोलला व्हता, भावजी."

दुसऱ्या दिवशी त्या रक्त तपासायला निघाल्या. दवाखान्यात त्यांना नेहमी मीच नेतो. मी चपला घालून दारात उभा होतो. त्या सुनेच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चल गं."