प्रणालीची रिकामी ट्यूब

प्रणालीवर अन्याय झाला तो होळीनंतरच्या सोमवारी, भरदुपारी. राजुऱ्यातल्या ज्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे, त्याच काउंटरवर. मी आत डबा खात होते. तिच्याकडे चंद्रपूरच्या स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. पिंपल्ससाठी रात्री लावायचा जेल. आमच्याकडचा स्टॉक संपला होता. आमचे मालक सुधाकरभाऊ म्हणाले, "हे त्याच कामाचं आहे, घेऊन जा." आणि तिच्या हातात दुसरीच ट्यूब ठेवली.

त्याच कामाचं नव्हतं. डॉक्टरांचा जेल त्वचेची बुजलेली छिद्रं मोकळी करतो. सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, फोड थोडे वाढतातही. फरक दिसायला महिने लागतात. मालकांनी दिलेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. ते सूज झटकन दाबतं, म्हणून चेहरा आठवड्यात गुळगुळीत दिसतो. लावत राहिलं की कातडी पातळ होते. सोडलं की दबलेलं सगळं वर येतं, आगीसारखी जळजळ घेऊन.

हे मला कळलं ते ट्यूबमुळे. आमच्याकडे गिऱ्हाईक औषधाचं नाव सांगत नाही. रिकामं पाकीट नाहीतर ट्यूब आणतं, तेच भरलेलं घेऊन जातं. उन्हाळा लागता लागता कॉलेजच्या एका पोरीने शेपटीपासून गुंडाळलेली ट्यूब काउंटरवर ठेवली. झाकणावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. पुढे तीच ट्यूब दुसरीच्या हातात आली. मग तिसरीच्या.

"ही आहे कोणाची?"

"प्रणालीची. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तं तुमच्या भाऊनं हेच देल्लं तिले. दुकानात दाखवाले आमच्या होस्टेलात ही एकच ट्यूब आहे नं ताई. सगळ्याच लावून राह्यल्या."

एका पोरीला दिलेलं चुकीचं औषध, आणि त्यावर अख्खं होस्टेल! मी देणं बंद केलं. पोरी समोरच्या दुकानात जाऊ लागल्या. सुधाकरभाऊ भडकले.

"तुले नोकरी करायची आहे का मोर्चा काढायचा आहे?"

"भाऊ, हे चिठ्ठीशिवाय देता येत नाही."

"समोरचा देऊन राह्यला नं!"

"समोरचा उद्या विष विकंल. आपणही विकाचं?"

"लय शिकली तू."

तेव्हापासून ते माझ्याशी बिलापुरतं बोलतात.

मग एक दिवस प्रणाली स्वतः आली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधलेला. आमच्याकडच्या उन्हात प्रत्येक पोरगी तसा बांधते, कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण दुकानात पंख्याखाली आल्या की सोडतात. हिने सोडला नाही.

"एकच ट्यूब द्या ताई. बहिणीचं लग्न आहे. लग्नापुरतीच."

"स्कार्फ काढ आधी."

दुकानात कोणी नव्हतं म्हणून तिने काढला. क्रीम सुटल्यावरचा लालभडक, सुजलेला चेहरा. गालभर पिवळे फोड.

"रूमवरच्या आरशाले टॉवेल बांधला मी," ती म्हणाली. "लाइट बी लावत नाई."

"हे लावलंस तर लग्नात बरी दिसशील. नंतर याहून वाईट होईल."

"नंतरचं नंतर पाहू."

"नाही देणार."

"तुमच्याच दुकानानं देल्ली होती नं!"

मी सुट्टी टाकली आणि तिला बसने चंद्रपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी ती क्रीम कायमची बंद केली. आधी कातडी शांत करू, जेल त्यानंतर, म्हणाले. काही महिने जातील.

लग्नाला ती नागभीडजवळच्या आपल्या गावी गेलीच नाही. घरी परीक्षेचं कारण सांगितलं. होस्टेल तोवर रिकामं झालं होतं. लग्नाच्या दुपारी मी डबा घेऊन तिच्या रूमवर गेले, तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. तिने मोबाइल वर, छताच्या पंख्याकडे धरला.

"काऊन पंखा दाखवतं वो?" आई विचारत होती. "तोंड दाखव नं. नवरी रडून राह्यली तुझ्यासाठी."

"कॅमेरा खराब आहे, आई."

पलीकडे लग्नाची बुद्धवंदना सुरू झाली. प्रणालीने मोबाइल पलंगावर पालथा ठेवला आणि हात जोडून शेवटपर्यंत ऐकली.

आज तिचा चेहरा बराच निवला आहे. डाग आहेत. आरशावरचा टॉवेल निघाला, स्कार्फ अजून नाही. होस्टेलच्या पोरी तिच्याशी बोलत नाहीत. हिच्यामुळेच आमच्या दुकानात क्रीम मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुधाकरभाऊंनी ती क्रीम शोकेसमधून काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मी आत डबा खायला बसले की ड्रॉवर उघडल्याचा आवाज यायचा. म्हणून आता मी काउंटरवरच उभ्याने जेवते, एकटी. मी शिकले ते एवढंच: बंदी घालायची तर जेवणाची सुट्टी सोडावी लागते.

तुम्हाला जेवण सोडायला सांगत नाही. घरातल्या पोरीची ट्यूब आज हातात घ्या. मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं स्टेरॉइडचं नाव दिसलं आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर पोरीला रागावू नका, स्किनच्या डॉक्टरकडे न्या. आणि रिकामी ट्यूब दाखवून औषध घेणं आजपासून बंद करा.