थांबजराचं स्टूल

शेठनी थांबजराला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लोकांची माझ्याबद्दल तक्रार अशी की मी आधी भांडते आणि मग मुद्द्यावर येते. मुद्दा हा आहे: वर्ध्यातल्या ज्या साडीच्या दुकानात आम्ही दोघींनी कित्येक वर्षं काढली, त्याच्या शेठनी तिला कामावर बसायला स्टूल देण्याचा शब्द दिला, त्या शब्दाच्या बदल्यात तिच्याकडून हवं ते काम करून घेतलं, आणि मग स्टूल उचललं. दुकानाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तिथे साड्या घेतल्या आहेत, त्यांना ती बाई नक्की आठवेल.

तिचं खरं नाव प्रतिभा. पण त्या नावाने तिला फक्त पगाराच्या दिवशी हाक मारली जायची. जुन्या दुकानात पांढऱ्या गाद्या होत्या. आम्ही मांडी घालून बसायचो, गिऱ्हाईक समोर बसायचं, आणि "ती वरची हिरवी दाखवा" म्हटलं की उठायचं, रॅकवरून साडी काढायची, पुन्हा बसायचं. आम्ही बाकीच्या टुणकन उठायचो. ही आधी मांडी सोडायची, पाय लांब करायची, पावलं वरखाली हलवायची, पोटऱ्या आवळून सैल सोडायची. मग एक हात पोटावर ठेवून नाकाने श्वास घ्यायची आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतात तसा, सावकाश सोडायची. त्यानंतर माझ्या खांद्याला धरून उभी राहायची, आणि उभी राहिल्यावरही लगेच पाऊल टाकायची नाही. कोणी घाई केली की म्हणायची, "थांब जरा, उठून राह्यली ना मी!" ते दिवसातून इतक्या वेळा ऐकू यायचं की तेच तिचं नाव झालं.

नाव ठेवणाऱ्यांत मीही होते आणि तिला त्याचा राग नव्हता. एकदा एका सेल्समनने चिडवलं, "थांबजरा, दुकानाले आग लागली तं काय करशील वं?" ती गादीवर पाय हलवत म्हणाली, "तू पुढे पय आन् आगीले सांगजो, बाई येऊन राह्यली, थांब जरा म्हणून."

हे दुखणं तिला एका मोठ्या तापानंतर लागलं. ताप उतरला, पण उभं राहिलं की काळीज धावायला लागायचं. झोपली की बरी, बसली की बरी. उभी राहिली की छातीत मिक्सर सुरू, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. सासू म्हणायची, कामाच्या वेळीच बरं हिला होते. दोन डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका असं सांगून परत पाठवलं. ती मला म्हणाली, "मी कायले टेन्शन घेऊ ताई? मी साडी घेऊन उठतो, आन् टेन्शनच मले घेते." शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर निजवून नाडी मोजली, मग उभं करून पुन्हा मोजली, आणि सांगितलं की हे ढोंग नाही आणि भीतीही नाही. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, ते वर ओढायचं शरीराचं काम हिच्यात नीट होत नाही, म्हणून हृदय धावाधाव करून भरपाई करतं. पाणी भरपूर प्या, मीठ सांगते तेवढं वाढवा, पायांत घट्ट मोजे घाला. आणि एक गोष्ट त्यांनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितली: या धडधडीने जीव जात नाही, पण चक्कर येऊन पडली तर डोकं फुटू शकतं. अंधारी आली की जिथे असेल तिथे बसायचं. उभं राहून सोसायचं नाही.

श्वासाचं तंत्र त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं. सुरुवातीला ते तिने पार उलटं केलं. जास्त हवा आत गेली की जास्त बरं वाटेल, असं समजून ती भराभर खोल श्वास घ्यायची. मग बोटांना मुंग्या यायच्या आणि चक्कर आणखी वाढायची. मॅडम म्हणाल्या, घेण्यावर जोर देऊ नका, सोडण्यावर द्या; खांदे उचलू नका, पोट हलू द्या; घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, आणि कोंडून ठेवायचा नाही. मनात आकडे म्हणत सोडा, असंही सांगितलं होतं. पण हिचे आकडे काळजाबरोबर पळायला लागायचे. तेव्हा तिने आपलं माप स्वतः शोधलं. साडीची घडी उचलताना श्वास आत, आणि साडी उलगडून पदर गादीवर सोडताना श्वास बाहेर. पदर पूर्ण पसरेपर्यंत सोडत राहायचं. नऊवारी असली तर तिला विशेष आनंद व्हायचा. "आज मोठा श्वास भेटला ताई," म्हणायची.

नालवाडीच्या विहारात ती दर पौर्णिमेला जायची. तिथे वंदनेला सगळे उठले की तीही धडपडत उठायची. एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या उपासकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "बसूनच म्हण वं माय. बुद्धानं काय उभ्यानंच ऐकतो म्हणून सांगतलं हाय काय?" त्यांनी तिला विचारलं, आपल्या आनापान ध्यानासारखंच आहे का हे तुझं? ती म्हणाली, "त्यात श्वासाले नुसतं पाहाचं असते बाबा. यात त्याले दारापर्यंत पोचवून द्या लागते." त्यानंतर ती विहारात बसूनच वंदना म्हणायची, आणि सोबत म्हणून दोन म्हाताऱ्या तिच्या शेजारी बसून राहायच्या. हे मला तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. आपल्याला कोणी बसू दिलं, याचं तिला किती अप्रूप होतं, ते तिच्या सांगण्यावरून कळायचं.

आता धंद्याची गोष्ट. साडी अशी सावकाश उलगडली की गिऱ्हाईक बघत राहतं. आम्ही साड्या फेकल्यासारख्या पुढ्यात टाकायचो. हिच्या हातून पदर असा उतरायचा की समोरच्या बाईचा हात आपोआप पुढे जायचा. शेठच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. ते सगळ्यांना सांगायला लागले, "थांबजरा कशी दाखवते ते पहा. माल को इज्जत देते ती." नव्या मुलींना तिच्या मागे उभं करून तसंच हळू दाखवायला शिकवलं. एका बाईने चक्कर टाळायला केलेल्या युक्तीला त्यांनी आपल्या दुकानाची शान केलं. मी त्यांना त्यासाठी नावं ठेवत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं.

मग दुकान नवं झालं. गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, वातानुकूलन आलं, आणि नियम आला की स्टाफने बसायचं नाही. गिऱ्हाइकाला खुर्ची, आम्ही उभ्या. पहिल्या आठवड्यातच थांबजरा स्टॉकरूममध्ये जाऊन जमिनीवर बसायला लागली. त्याच सुमारास दुसऱ्या एका दुकानाने तिला बोलावणं पाठवलं. ही बातमी घेऊन मी शेठकडे गेले. भाव करणं हे माझं काम आहे. त्यावरच मी उभी राहिले.

"शेठजी, थांबजरा चालली," मी म्हटलं.

"कुठे? आणि काऊन?"

"जिथे बसायला मिळतं तिथे."

शेठ हसले. "एका बाईला बसवलं तर बाकीच्या काय म्हणतील, सुनंदाबाई?"

"बाकीच्यांना विचारून आले आहे. म्हणाल्या, बसू द्या. आणि लगीनसराई तोंडावर आली आहे. तुमच्या नव्या मुलींना शालू नीट धरताही येत नाही."

खूप वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: तिने लगीनसराई संपेपर्यंत कुठे जायचं नाही, नव्या मुलींना तयार करायचं, जेवणाच्या सुट्टीतही गर्दी असेल तर काउंटर सोडायचा नाही. बदल्यात तिच्या काउंटरमागे एक उंच स्टूल, कायमचं. शेठनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "मी जबान दिली." दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. थांबजराने त्यावर बसून दोन्ही पाय हलवले आणि मला म्हणाली, "तू मंत्री झाली पायजे होतीस वं ताई."

तिने आपली बाजू तंतोतंत पाळली. मी मात्र त्याच वर्षी नोकरी सोडली आणि देवळीला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. तिला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "रोज बसमंधे जागा भेटन काय? तिथपर्यंत उभी याले मी राहीन काय जिवंत? इथं स्टूल हाय आता." स्टूल होतं, म्हणून ती राहिली.

लगीनसराई संपली, मुली तयार झाल्या, आणि एके सकाळी ती कामावर आली तर काउंटरमागची जागा रिकामी होती. ती शेठकडे गेली. शेठ तिला जे बोलले, ते तिने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. "अरे, तुले तो श्वासाचा उपाय माहीत आहे ना? रोज करते ना? मग स्टूल कायले पाहिजे? उपायही करायचा आणि बसायचंही, दोन्ही कसं चालेल?"

मी त्याच दिवशी वर्धा गाठलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी मी आवाज चढवला. शेठ गोड आवाजात म्हणाले, "सुनंदाबाई, योगात फार ताकद आहे. तुम्हीही करून पहा, राग कमी होईल." मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थांबजराने मला बाहेर ओढलं. पायऱ्यांवर बसली, आधी दम घेतला, मग बोलली.

"भांडू नको ताई. माही नोकरी जाईन. मी करतो मॅनेज. पायावर पाय ठेवून मांड्या आवळतो, रॅकले टेकतो, श्वास सोडतो."

"आणि अंधारी आली म्हणजे?"

तिने पायरीवर पाय लांब केले. मग म्हणाली, "श्वासानं थोडा वेळ भेटते. पन तेवढ्या वेळात बसाले जागा पायजे ना."

ही तिची माझ्याशी झालेली शेवटची धड बातचीत. पुढचं मला तिच्या शेजारच्या काउंटरवरच्या बाईने सांगितलं. भर दुपारी एका लग्नघरची मंडळी आली होती. साड्यांवर साड्या निघत होत्या. थांबजराने सुपरवायझरला दोनदा विचारलं, "खाली बसू काय जराशी?" तो म्हणाला, पार्टी जाऊ दे मग बस. ती ओठांचा चंबू करून श्वास सोडत होती, हात मात्र चालूच होते. एक पैठणी उलगडता उलगडता तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती मागे न पडता तशीच पुढे कोसळली. काचेच्या काउंटरची कड डोक्याला लागली. दवाखान्यात नेली, पण ती शुद्धीवर आलीच नाही, तिथेच गेली.

तिच्या घरी शेठ हार घेऊन आले होते. तिचा नवरा ऑटो चालवतो, साधा माणूस. त्याने हात जोडले. शेठ म्हणाले, "दुर्धर आजार होता तिला. आम्ही खूप सांभाळलं." नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं, ते स्टूल काऊन काढलं होतं? शेठ म्हणाले, "कोणतं स्टूल? असं काही ठरलंच नव्हतं." मी तिथेच, त्याच खोलीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिच्या श्वासाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे की तो खोटा उपाय नव्हता. त्याच्यामुळे तिला संसार करता आला, काम करता आलं, हसता आलं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून मिळालेल्या अनेक गोष्टींतली ती एक गोष्ट होती, आणि बसणं ही दुसरी. शेठनी पहिली दाखवून दुसरी हिरावली. ज्या गोष्टीने बाई जगत होती, तीच पुढे करून तिला उभं ठेवलं. धंद्यात मी पुष्कळ फसवाफसवी पाहिली आहे, केलीही असेल. अशी कधी पाहिली नाही.

परवा मी त्या दुकानावरून गेले. काचेतून दिसत होतं. सगळ्या मुली उभ्या. सगळ्या सावकाश पदर सोडताहेत, तिने शिकवलं होतं तसा, आणि त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही की तो हात तसा का फिरतो.

शेठ, तुम्ही गल्ल्यामागे गादीच्या खुर्चीत बसला होतात. एकदा उठा. त्या मुलींच्या मध्ये या, तिच्या नवऱ्यालाही बोलवा, मीही येते. आणि सगळ्यांसमोर सांगा: त्या दिवशी तुम्ही जबान दिली होती की नाही? आणि ते स्टूल कोणाच्या हुकुमाने उचललं?