पंधरा दिवस नर्मदेकाठी

लग्नाच्या सत्तावीस वर्षांत मी बायकोला एकदाच लांबच्या प्रवासाला नेलं, आणि तेही तिच्या वडिलांना घरातून हलवायचं होतं म्हणून. हे आधीच लिहून टाकलेलं बरं. नंतर नदी, घाट, संध्याकाळ वगैरे यायला लागलं की मी कोणी रसिक माणूस आहे असं वाटायला नको.

सासरे सहा वर्षं आमच्या वसईच्या फ्लॅटमध्ये होते. कामणच्या बाजूला त्यांची भातशेती होती. तिथे गोदामं उभी राहिली, सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांची स्मृती विरत गेली. सकाळी उठून ‘खाचरात पानी भरलंय का बगून येतो’ म्हणत दाराची कडी काढायचे. लिफ्टच्या कोपऱ्यात लघवी करायचे. सोसायटीवाल्यांनी मला दोनदा ऐकवलं. बायकोने शाळेतली नोकरी सोडली. ती त्यांना भरवायची, पुसायची, आणि त्यांनी हात धरला की तासतासभर तशीच बसून राहायची. मला राग यायचा तो तिचा. माझ्या ताटातली आमटी गार व्हायची, आणि ती गरम करायला मी सहा वर्षांत एकदाही उठलो नाही.

जागा मेहुण्याने शोधली. तो विरारला राहतो, बापाला भेटायला दिवाळीला येतो. चांदीपच्या पलीकडे, शेतांच्या मधोमध एक वृद्धाश्रम होता. स्वच्छ होता, नाही म्हणत नाही. तिथला नियम असा की पहिले पंधरा दिवस घरच्यांनी भेटायचं नाही आणि फोनही करायचा नाही, म्हणजे माणूस रुळतो. “ताई कबूल होणार नाही,” मेहुणा म्हणाला. “तुम्ही तिला कुठेतरी घेऊन जा भाओजी. परत येईपर्यंत बाबा रुळलेले असतील, मग ती तरी काय करणार?”

म्हणजे पंधरा दिवस पुरेल एवढी लांब नदी हवी होती. आमच्या वैतरणेच्या काठाने सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. नर्मदा मीच सुचवली. परिक्रमा वगैरे नाही, भडोचपासून अमरकंटकपर्यंत काठाकाठाने गाडीने जायचं, सावकाश, वाटेल तिथे थांबत. बायकोला सांगितलं, तेवढे दिवस बाबांना तुझा भाऊ घरी नेतोय. तिला खरंच वाटेना. “तुम्हाला सुट्टी मिळाली?” एवढंच तीनदा विचारलं. मग कपाटावरची बॅग काढून ती फडक्याने पुसत बसली, आणि पुसता पुसता रडली.

जानेवारी होता. भडोचला नदी समुद्राएवढी रुंद दिसली तेव्हा बायकोने काच खाली करून हात बाहेर काढला. गरुडेश्वर, महेश्वर, ओंकारेश्वर. मी पन्नासच्या वर गाडी नेत नव्हतो. कुठे पेरू दिसले की थांब, कुठे बैलगाडी पाण्यात उतरताना दिसली की थांब. महेश्वरच्या घाटावर तिने पाण्यातून एक गुळगुळीत गोटा उचलला, माझ्या टकलाला लावून पाहिला आणि हसत सुटली. शेजारी बसलेल्या बायकाही हसल्या. एरवी मी चिडलो असतो. तिथे मी डोकं पुढे केलं.

आणि मला मजा आली, हेही सांगायलाच हवं. नाटक करायला गेलो आणि चार दिवसांत मला सकाळी तिच्याआधी जाग यायला लागली. पोहे-जिलबी खाताना मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ही बाई इतकं बोलते हे मी विसरलोच होतो. “तुम्ही किती बदललात हो,” ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, “वय झालं.”

रोज संध्याकाळी ती भावाला फोन करायची. बाबा झोपलेत. बाबा अंघोळीला गेलेत. मग तो म्हणाला, “ताई, तुझा आवाज ऐकला की दार शोधत बसतात गं, नकोच द्यायला त्यांच्याकडे फोन.” हे तिला पटलं, कारण ते खरंच तसं करायचे. ती मुकाट्याने फोन ठेवायची. मग थोड्या वेळाने माझ्या मोबाईलवर त्याचा मेसेज यायचा, आश्रमवाले त्याला कळवायचे तो. ‘जेवले नाहीत.’ ‘पिशवी घेऊन फाटकाशी बसतात, पण ओरडत नाहीत.’ भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांमधून नावेतून जात होतो, नावाडी यमकं जुळवून गमती सांगत होता, तेव्हा आला: ‘आज अर्धी भाकरी खाल्ली. रुळतायत.’ मी मोबाईल खिशात टाकला आणि नावाड्याला म्हटलं, अजून एक फेरी मार.

मंडल्याला, नवव्या दिवशी, ती म्हणाली, “अहो, परत फिरू या. अमरकंटक राहू दे. नऊ दिवस झाले बाबांचा आवाज ऐकला नाही, मला करमत नाही.” मी बरं म्हटलं. मग गाडी धुवून आणतो म्हणून गॅरेजमध्ये गेलो आणि तिथल्या मेकॅनिकला म्हणालो, दोन दिवस गाडी ठेवून घे. तिला सांगितलं क्लच प्लेट गेली, सामान जबलपूरहून यायचंय. ती बिचारी दोन दिवस घाटावर बसून राहिली. उलट मलाच समजावत होती, “होतं हो, गाडी आहे, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ.” दुरुस्त झाल्यावर मी म्हटलं, आता एवढं आलोच आहोत तर उगम बघून जाऊ. अमरकंटकला कुंडासमोर तिने डोळे मिटून हात जोडले. काय मागितलंस, मी विचारलं. “काही नाही. थँक्यू म्हटलं.”

पंधराव्या दिवशी नागपूर-नाशिक करत भिवंडीच्या रस्त्याने येत होतो. कामणच्या अलीकडे चहाला थांबलो आणि ठरवल्याप्रमाणे तिला सांगितलं. ठरवल्याप्रमाणे म्हणजे असं: “तुझ्या भावाचा आत्ता फोन आला. त्याने बाबांना आश्रमात ठेवलंय. मला काय माहीत! मलाही धक्काच बसलाय.”

सगळं मेहुण्याच्या अंगावर ढकलायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तो तयार होता, बहीण महिनाभर बोलणार नाही, मग बोलेल. तिने ग्लास ठेवला, भावाला फोन लावला आणि रस्त्यावर उभी राहून त्याला असं काही बोलली की चहावाला आत निघून गेला. गाडीत बसल्यावर माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर मला सुख द्यायला नेलं होतंत. त्या मेल्याने डाव साधला.” मी गिअर बदलला.

आश्रमाचा माणूस हसतमुख होता. “आजोबा फार शहाणे हो. पहिले दोन दिवस सगळे रडतात, आरडाओरडा करतात. हे एकदाही रडले नाहीत. असा लवकर रुळलेला माणूस आम्ही पाहिला नाही.” मला हायसं वाटलं. म्हटलं, बघ, ठीक आहेत ते.

सासरे फाटकाच्या आतल्या बाकावर बसले होते. निम्मे झाले होते. मनगटं काठीसारखी. मांडीवर कपड्यांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. बायको “बाबा” म्हणत धावली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला, मग तिला बाजूला सारून माझ्याकडे आले.

“आले जावयबापू. मना म्हाईत होतं तुमी येनार. तुमी बोल्लेले ना, पंधरा दिस रडाचा नाय, मंग मी सोता न्यायला येतो. मी नाय रडलो. कोनाला बी इचारा.”

बोललो होतो. निघायच्या सकाळी, बायको गॅस बंद आहे का बघत होती तेव्हा, गॅलरीत. त्यांनी माझी बाही धरून रडायला सुरुवात केली म्हणून. शाळेच्या दारात पोराला सांगतात तसं. मला वाटलं होतं, लिफ्ट खाली पोचेपर्यंत विसरतील. त्यांना नातवंडांची नावं आठवत नव्हती, बायको मेलेली आठवत नव्हती.

बायको माझ्याकडे बघत होती. मग तिने ऑफिसात जाऊन सही केली, वडिलांना गाडीत मागे बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसली. पंधरा दिवस ती माझ्या शेजारी बसत होती. मी आरसा हलवून तिचा चेहरा शोधायचा प्रयत्न केला, पण सासऱ्यांचाच दिसत होता. ते आता रडत होते. पंधरा दिवसांचं एकदम, नाक पुसत, लहान मुलासारखं हसत हसत. तिचा हात धरून तिला सांगत होते, “तुजा नवरा सबदाचा पक्का हाय गो. बोल्ला तसा आला.”

“हो बाबा,” ती म्हणाली. “एकदम पक्का.”

त्या विषयावर ती एवढंच बोलली. याला आता दोन वर्षं झाली. मला रोज गरम आमटी मिळते.