डाव्या खांद्यावरची वेणी

पोरगी दूध पिताना माझी वेणी मुठीत धरायची, म्हणून मला ती डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची सवय लागली. जाडजूड, तेल चोपडलेली, कमरेपर्यंतची वेणी. मला तिचा गर्व होता आणि आजही आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कामतघरला आमच्या चाळीला लागूनच कापड विणायचे लूम चालायचे. तिथल्या कापसाच्या धुळीने खोकला कुणाला नव्हता? माझा जरा लांबला, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. "गळ्यातलं काढा, पिना काढा," एवढंच टेक्निशियन म्हणाला. वेणीबद्दल चकार शब्द नाही. फोटोत डावीकडे वरच्या बाजूला पांढरा डाग आला. थुंकी न तपासताच डॉक्टरांनी टीबी ठरवला आणि गोळ्या सुरू केल्या.

घरी माझं ताट वेगळं झालं. त्याचं काही वाटलं नाही. पण सासूबाईंनी पोरगी उचलून शेजारच्या खोलीत नेली. "पोरीला हात न्हाय लावायचा. तुला टीबी हाय," म्हणाल्या. भिंतीपलीकडे ती बाटली नको म्हणून रडायची आणि अलीकडे मी गोळ्या ओकायची. नुसता संताप व्हायचा.

महिन्याभराने परत फोटो काढला. त्या दिवशी वेणी घालायचंही त्राण नव्हतं, केस डोक्यावर बांधले होते. डाग गायब. डॉक्टर खूश. "बघा, औषध लागू पडलं. आता कोर्स पुरा करा."

घरी येऊन दोन्ही फोटो खिडकीत धरले. जुना डाग छातीतून थेट मानेपर्यंत चढला होता. फुप्फुस काय मानेत असतं? माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेणी घालून गेले, पुढे घेतली आणि म्हटलं, "आता काढा."

"मॅडम, कल ही तो निकाला," टेक्निशियन म्हणाला.

"परत काढा. मी हलणार नाही इथून."

डाग परत आला, जिथल्या तिथे. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "होतं असं कधी कधी."

"चूक तुमची झाली. भोगलं माझ्या लेकीनं."

मग थुंकी तपासायला लावली. तीही स्वच्छ निघाली आणि गोळ्या बंद झाल्या.

घरी येऊन आधी पोरीला उचललं. दूध केव्हाच आटलं होतं, ते काही परत आलं नाही. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "काप ती येनी. तिनंच घात केला."

"तिनं नाही केला," मी म्हटलं आणि वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतली. पोरीने ती घट्ट मुठीत धरली.