इस्राएल लाइनीतलं शेवटचं दार

गोंदियाच्या रेल्वे वसाहतीमागे एक पडकी चाळ होती. पूर्वी तिथं यहुदी कुटुंबं राहत, म्हणून तिला इस्राएल लाइन म्हणत. बाहेरचं कोणी आलं की ती दाखवायला मी वसाहतीतल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांना गाठत असे. शनिवारी मात्र ते कधीच येत नसत. गुडघे दुखतात म्हणत.

काठी टेकत ते पुढं चालत. प्रत्येक वाक्य 'ते लोकं'नं सुरू होई. "ते लोकं शनवारी चूल नाही पेटवत होते जी."

शेवटच्या दाराशी ते थांबत. चौकटीवर खिळ्यांची दोन तिरपी भोकं होती. "इथं त्यायची प्रार्थनेची डबी राहे. येताजाता ते लोकं तिले हात लावून बोटं ओठाले लावत." भोकांना बोटं लावून ते ओठांशी नेत. पाहुण्यांना दाखवण्यापुरतं करतात, असं मी धरून चाललो होतो.

"आता कोणीच उरलं नाही?" पाहुणे विचारत.

"कोनी नाही. चला, ऊन तापून राहिलं."

मागच्या महिन्यात लाइन पाडली. परवा तिकडून जाताना ते विटांच्या ढिगाऱ्यापाशी उभे दिसले. दार नव्हतं, चौकट नव्हती. त्यांचा हात खांद्याएवढा वर गेला, हवेत थबकला आणि बोटं ओठांना लागली.

त्या दिवशी पाहुणे कोणी नव्हते.