जिंकणाऱ्याने भांडी घासायची

आम्ही ज्यांना जजीणबाई म्हणायचो, त्या जेवायला बोलवायच्या आणि खटला भरायच्या. जपानमधल्या सेंदाईतल्या एका विद्यापीठात त्या अमेरिकी कायद्याचा इतिहास शिकवत, तोही जपानीतून. रविवारी दुपारी मात्र त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही मराठी पोरं. आमटी-भात आणि सोलापुरी शेंगाचटणी झाली, की बाई अमेरिका नवी नवी होती तेव्हाचा एखादा खटला काढायच्या आणि आमचे दोन गट पाडायच्या. हरेल त्याने भांडी घासायची.

मी मेटलर्जीवाला. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. पहिल्याच रविवारी म्हणालो, "मॅडम, दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्यांच्या भानगडी आपल्याला कशाला?"

"कारण शहाण्या, नियम वाचला की काम झालं असं वाटणाऱ्यांतला तू दिसतोस. घे, चेरोकींची बाजू घे."

चेरोकी म्हणजे तिथले मूळचे लोक. जॉर्जिया राज्य त्यांच्या भूमीवर आपले कायदे लादत होतं. मी तावातावाने भांडलो आणि जिंकलो. खऱ्या कोर्टानेही तेच सांगितलं होतं: राज्याचा कायदा तिथे चालणार नाही. जॉर्जियाच्या बाजूने हरलेला निनाद मात्र आपल्या गटासकट "बस चुकेल" म्हणत सटकला.

"घास," बाई म्हणाल्या.

"मी? मी जिंकलोय!"

"तेही जिंकलेच होते. राज्याने निकाल धाब्यावर बसवला आणि काही वर्षांत सैन्याने त्यांना घरातून काढून पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो मेले. निकाल लागला की आधी विचारायचं, अंमल कोण करणार?"

हे त्या कुठेही विचारायच्या. घरमालक गळतीचं "बघतो" म्हणाला, तरी, "कोण बघणार? कधी?" त्यांचे जपानी विद्यार्थी आधी दचकायचे, मग स्वतःच विचारू लागायचे.

शेवटी पाळी बाईंवरच आली. इथे वर्षावर्षाचं कंत्राट ठरावीक काळ चाललं, की कायम नोकरी मागायचा हक्क मिळतो. बाईंना तो मिळायला थोडाच अवधी उरला आणि विद्यापीठाने कंत्राट थांबवलं. असं किती जणांना काढतात, सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. बाई बोलल्या. विद्यापीठाच्याच तक्रार समितीने मान्य केलं, की बाईंचं बरोबर आहे, त्यांना ठेवायला हवं. आम्ही नाचलो. बाई एवढंच म्हणाल्या, "अंमल?"

झाला नाही. समिती म्हणे फक्त सल्ला देते! मी बाईंचं सामान बांधायला गेलो होतो, तेव्हा विभागप्रमुख मिठाईचा देखणा खोका घेऊन दारात आले, कमरेत वाकले. "सेन्सेइ," म्हणजे जपानीतल्या मॅडम, "फार वाईट वाटतं."

"वाटतं तर कंत्राटावर सही करा की!" मी मराठीतच ओरडलो. बाईंनी दोन्ही हातांनी खोका घेतला, दार लावलं. "वाकतात मात्र छान हं," म्हणाल्या.

मार्चचा शेवटचा रविवार. बाईंच्या सोलापूरला जायच्या बॅगा भिंतीशी उभ्या. जेवणं झाली, खटला निघाला नाही. बाई बाह्या सरसावून सिंकपाशी गेल्या.

"ठेवा ते, मॅडम."

"का रे? मीच तर जिंकलेय."

मी त्यांच्या हातून घासणी हिसकावली. पातेलं लखलखलं; राग तसाच राहिला. अजून आहे.

परवा माझ्या ऑफिसात साहेब आम्हा कंत्राटी लोकांना म्हणाले, "तुम्हाला कायम करण्याचं पुढच्या वर्षी बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "कोण बघणार? कधी?"

उत्तर मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.