सरळ केलेलं शिंग

मी मास्तरकीत पुष्कळ मुलांना छडी मारली. त्या काळी त्याचं कुणाला काही वाटत नसे आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. पण जिला मी कधी बोटही लावलं नाही, ती एक मुलगी मला अजून दर पोळ्याला आठवते.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास झालेला, नवा कोरा मास्तर. घर कारंजाचं, वडील कापसाच्या बाजारात मापारी. बैल मी पाहिले ते बाजारात गाड्यांना जुंपलेले, एकामागे एक उभे. मला ते सगळे सारखेच दिसत. आमच्या दारात खुंटाच नव्हता, तर बैल कुठून असणार! नेमणूक झाली ती मंगरूळपीरकडच्या एका खेड्यात. शाळेची एकच खोली, वर्ग चार आणि मास्तर मी एकटा. तीसेक मुलं, त्यात मुली चार.

त्या वर्षी हस्तव्यवसायाचा तास नव्यानं सुरू झाला होता. मुलांच्या हाताला वळण लागावं, त्यांनी मातीच्या, कागदाच्या वस्तू कराव्यात, असा वरून हुकूम. त्यातच डिप्टी साहेब तपासणीला येणार असल्याची वर्दी आली, तीही नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवसाची. मी लगेच ठरवून टाकलं, मातीचे बैल. साहेब खूश आणि सणही साधला जाईल.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी शेतातली काळी माती आणवली आणि वाळता वाळता सगळे बैल तडकले. मुलं तोंडावर हात ठेवून हसली. मग त्यांनीच मला शिकवलं की माती कुंभाराकडची आणायची, तिच्यात कापूस पिंजून घालायचा आणि कणकेसारखी मळायची. पाठाच्या वहीत मात्र मी ती युक्ती माझीच म्हणून लिहिली. मग फळ्यावर बैल काढून दाखवला. ताठ मान, मधोमध वशिंड, दोन्ही शिंगं सारख्या मापाची. पुस्तकात होता तसा हुबेहूब. सगळ्यांनी तसाच करायचा, असं बजावलं.

सगळ्यांनी तसाच केला. एकीनं नाही केला.

ती आठ वर्षांची होती. बापाची थोडी जमीन आणि त्या जमिनीवर राबणारी एक बैलजोडी, एवढंच त्यांच्या घराबद्दल मी ऐकून होतो. वर्गात ती कधी बोलत नसे. तिच्या बैलाचं एक शिंग वर गेलं होतं आणि दुसरं खाली डोळ्यापर्यंत वाकलेलं. वशिंड एका अंगाला कललेलं. कानाला नखानं पाडलेली खाच. आज मला कळतं की त्या खोलीत खरा बैल तो एकच होता. तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"बैल असा असतो का गं?"

"आमचा असाच हाये, मास्तर."

"तुमचा असेल. शाळेतला असा चालत नाही."

वर्गाला हसू आलं आणि मला माझ्याच बोलण्याचं कौतुक वाटलं. तिनं शिंग काही बदललं नाही. ओल्या गोणपाटाखाली बैल झाकून ठेवून ती घरी गेली.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एकटाच थांबलो. गोणपाट उचललं. माती अजून ओलसर होती. ते वाकडं शिंग मी मोडलं, नवं वळून दुसऱ्या शिंगाच्या मापाचं बसवलं, अंगठ्यानं वशिंड मधोमध दाबलं, कानाची खाच बुजवली. पाव तासाचं काम. हात धुतले तेव्हा मला वाटलं, पोरीचं भलं केलं.

साहेब आले. बाकावर मांडलेले तीस बैल पाहत पाहत ते तिच्याच बैलापाशी थांबले. त्याचे पाय, त्याची गळ्याखाली लोंबणारी पोळी, मान झुकवून उभं राहण्याची ढब, हे सगळं तिचं होतं आणि ते मोडणं माझ्या हातून राहून गेलं होतं.

"उत्तम! हा कोणी केला?"

मी तिला पुढे केलं. साहेबांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि शेरेबुकात माझ्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं. ती मात्र बैलाकडे नुसती पाहत राहिली. साहेबांचा छकडा वेशीबाहेर गेल्यावर मी बैल तिच्या हातात दिला. म्हटलं, घेऊन जा, घरी दाखव.

तिनं तो बाकावर परत ठेवला. "हा आमचा नाही."

"एवढं कौतुक झालं तरी तोंड वाकडं! जा घरी!" मी ओरडलो. ती गेली. बैल मी कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावात मास्तराला सणाचं जेवण कुणाकडे ना कुणाकडे असायचंच. त्या दिवशी मला बोलावणं आलं ते नेमकं तिच्या बापाचं. मी गेलो तेव्हा तोरणाखालून बैल नुकतेच परतले होते. त्यांच्या दारात मात्र एकच बैल होता. शिंगांना लाल हिंगूळ, पाठीवर झूल. त्याच्या शेजारी दुसरा खुंटा रिकामा होता. खुंट्यापाशी एक पाट मांडलेला, पाटावर हळदकुंकू, पुढे पुरणपोळी. पाटावर बैल नव्हता.

मी विचारलं, तेव्हा बाप हसल्यासारखं करून म्हणाला, "याचा जोडीदार वैशाखात गेला, मास्तर. रोग आला अन् दोन दिसांत गेला. पोरीनं हट्टच धरला, म्हणे मी शाळेत मातीचा करून आणतो, त्याले पाटावर ठेवू, त्याचाबी पोळा झाला पाहिजे. काल हिच्या मायनं बैलाच्या खांद्याले लावाले लोणी काढून ठेवलं व्हतं. त्यालेबी आवतन द्याचं व्हतं न, उद्या जेवाले या म्हणून."

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मातीले तडा गेला म्हणे. जमलाच नाही तिले. तुमी तं लय शिकवलं असन, पण आमच्या पोरीच्या हातातच काही नाही."

ती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका शब्दानं तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. तिनं मला सांभाळून घेतलं, असं समजायला मला आवडलं असतं. पण मी स्वतःला ओळखतो. ती माझ्या छडीला भ्यायली असेल, हेच जास्त खरं.

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पोरीच्या हातात फार काही आहे, तडा गेला नाही, मी मोडला, एवढंच सांगायचं होतं. बापानं मला काही केलं नसतं. उलट मास्तर म्हणून हातच जोडले असते. पण मी जेवायला बसलो, पुरणपोळी खाल्ली, वर तूप वाढलं तेही खाल्लं आणि "होईल, शिकेल हळूहळू," असं म्हणालो. हो, असं म्हणालो मी.

तिथून थेट शाळेत गेलो. अजून उजेड होता. कपाटातून बैल काढला आणि मी बसवलेलं शिंग मोडून पुन्हा होतं तसं करून तिच्या घरी पोचवायचं ठरवलं. वाडग्यात माती भिजवली. बैल हातात घेतला आणि बसून राहिलो. कोणतं शिंग वाकडं होतं, डावं की उजवं? कोणत्या कानाला खाच होती? वशिंड कुठल्या अंगाला कललं होतं? मला काही म्हणता काही आठवेना. मी ते शिंग स्वतःच्या हातानं मोडलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. अंधार पडू लागला तशी मी माती बाहेर टाकून दिली.

पोळ्यानंतरचा करीचा दिवस सुटीचा गेला. शाळा भरली तेव्हा मी तिला कपाटापाशी बोलावलं. छडी मुद्दामच टेबलावर ठेवून आलो होतो. बैल तिच्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "तुमच्या बैलाचं कोणतं शिंग वाकडं होतं गं? सांग, मी करून देतो."

तिनं बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं, तशी ती म्हणाली, "आता राहू द्या, मास्तर. पोळा झाला न."

आणि आपल्या जागेवर जाऊन तिनं पाटी पुढे ओढली.